फडकं बांधलेला ड्रम

माणूस कसा आहे ते त्याच्या आहेरावरून नाही, त्यानं टाकलेल्या ताटावरून कळतं. पडेगावच्या मंगल कार्यालयात मी खरकट्याच्या पिंपाशेजारी उभी राहायचे, त्यामुळे मला सगळ्यांची ताटं दिसायची. मठ्ठा दोनदा घेऊन दोन्हीदा अर्धा सोडणारे, बुंदीचा ढीग करून त्यातली चिमूटभर चाखणारे, आणि 'वाढप्यानंच जास्त वाढलं हो' असा खुलासा करत येणारे. मी काही विचारलेलं नसायचं. लोक माझं तोंड बघूनच खुलासा करायचे. माझा कुणावर पटकन विश्वास बसत नाही आणि ते मला लपवताही येत नाही. लग्न होऊन सासरी आले तेव्हा सासूनं पहिल्याच आठवड्यात म्हटलं होतं, "ज्ञानेश्वरी, तू दूध घेतानाबी गवळ्याला चोरावानी बघती."

पण ताटांपेक्षा जास्त राग यायचा तो पाण्याच्या बाटल्यांचा. ती छोटी, हातात मावणारी बाटली. माणूस ती उघडतो, दोन घोट घेतो, खुर्चीखाली ठेवतो आणि अक्षता टाकायला उठतो. परत येऊन बघतो तर तिथं आणखी दोन-तीन उघड्या बाटल्या. यातली आपली कोणती? कुणाचं उष्टं कशाला प्यायचं, म्हणून तो नवी उघडतो. सख्खे भाऊ मांडीला मांडी लावून बसलेले असले तरी एकमेकांची बाटली उचलत नाहीत. निम्मं पाणी असं नुसत्या संशयापायी खुर्च्यांखाली राहायचं. आणि बाहेर दौलताबाद रोडला बायका टँकरखाली हंडे लावण्यावरून एकमेकींच्या झिंज्या उपटत होत्या. लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं तो हा उन्हाळा. आमच्याकडे जायकवाडी तळाला गेलेली, बोअर नुसत्या धुरळा काढत होत्या, आणि लग्नं मात्र एका तिथीला तीन-तीन.

कार्यालय तात्यासाहेबांचं. पूर्वी तिथं त्यांचं शेत होतं. शहर पडेगावपर्यंत येऊन पोचलं तेव्हा त्यांनी अर्ध्या रानाचे प्लॉट पाडून विकले आणि उरलेल्यात हा हॉल आणि लॉन उभारला. लॉनला गवत नव्हतं, हिरवी चटई होती. त्यांच्या त्या रानात माझी सासू दगडाबाई शेळ्या चारायची. रान गेलं, पण तिनं तात्यासाहेबांकडून एक गोष्ट मिळवली. लग्न उठलं की मांडव आम्ही दोघींनी झाडून काढायचा आणि त्याच्या बदल्यात जे उरेल ते आमचं.

उरायचं पुष्कळ. पातेल्यातलं हात न लागलेलं अन्न आम्ही बांधकामावरच्या मजुरांच्या पालांवर नेऊन द्यायचो. ताटांतलं शेळ्यांना, तेही बेतानं, कारण भात जास्त झाला की शेळी फुगते आणि हातातून जाते. बाटल्यांतलं पाणी घरी नेऊन अंगणातल्या दोन निळ्या ड्रमांत ओतायचं. मग बुचं वेगळी, बाटल्या चेपून वेगळ्या, आणि खोक्यांवरचं पातळ प्लास्टिक त्याच उष्ट्या पाण्यात बुडवून दोरीवर वाळत घालायचं. तेलकट प्लास्टिकला भंगारवाला कडुबा हात लावत नसे. तो माझ्यापेक्षाही संशयी. चेपलेली बाटलीसुद्धा कानाशी धरून हलवायचा, आम्ही वजन वाढवायला पाणी ठेवलंय का म्हणून.

तात्यासाहेबांची अट एकच होती. सील तुटलेली बाटली आमची, सील न तुटलेली त्यांची. मांडवात अशा कोऱ्या बाटल्याही पडलेल्या असतात. त्या उचलून कोठीवाल्या पुंडलिककडे जमा करायच्या.

माझा नवरा रामेश्वर वाळूजच्या कंपनीत गाडी चालवायचा, त्याच्या पगारावर घर चालत होतं. पण शेळ्या या पाण्यावरच चालत होत्या. सरकारी चारा छावणीत गाई-बैलांना दावण होती, शेळ्यांना कुणी आत घेत नव्हतं. मांडवातलं पाणी बंद झालं असतं तर शेळ्या बाजारात नेण्याशिवाय दुसरा रस्ता नव्हता, आणि शेळ्या गेल्या असत्या तर सासू दिवसभर काय करणार होती हे मला सांगता आलं नसतं. ती माणसांपेक्षा त्यांच्याशीच जास्त बोलायची.

तर अशात आमच्या अंगणात एक तिसरा ड्रम आला. छोटा, पांढरा, तोंडाला स्वच्छ फडकं बांधलेला. तो निळ्या ड्रमांच्या रांगेत नव्हता. घराच्या सावलीला, विटांवर ठेवला होता.

"हा कशाला झाकलाय?" मी विचारलं.

"धूळ बसती."

"मग बाकीच्यांवर बसत नाही का?"

"ते शेळ्यांचं हाय. शेळ्यांना धूळ चालती."

एवढं बोलून ती शेळ्यांकडे निघून गेली. माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. त्या दिवसापासून मला एकेक गोष्ट दिसायला लागली. मांडवात गेलो की सासू म्हणायची, "तू ताटाकडं बघ, खुर्च्याखालचं म्या बघती." पूर्वी खुर्च्यांखाली वाकायला तिची कंबर धरायची, आता धरत नव्हती. येताना एक पिशवी ती माझ्या हातात द्यायची नाही. आणि पांढरा ड्रम एकदा भरलेला दिसायचा, दोन दिवसांनी रिकामा. शेळ्यांना त्यातलं पाजताना मी तिला कधी पाहिलं नाही.

पाणी विकते, मी मनात म्हटलं. त्या उन्हाळ्यात विकत काय घेतलं जात नव्हतं? सासू विकत असेल तर विको बिचारी, पण मला का सांगत नाही, याचा मला जास्त राग आला. उष्टं पाणी चांगलं म्हणून कुणाच्या गळ्यात मारत असेल आणि उद्या कुणाचं पोर आजारी पडलं तर? एके दुपारी डोकं दुखतंय म्हणून मी आतल्या खोलीत पडून राहिले आणि दार किलकिलं ठेवलं.

ऊन डोक्यावर आलं, रस्ता सामसूम झाला, तशी मागच्या बाजूनं एक म्हातारी आली. पदराखाली पितळी कळशी. मी ओळखलं. पलीकडच्या रो-हाऊस कॉलनीतल्या साहेबरावांची आई, लक्ष्मीबाई. साहेबराव सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, कॉलनीचे अध्यक्ष. टँकर आला की हातात काठी घेऊन उभे राहणारे. त्यांच्या आईला दुसऱ्याच्या अंगणात पाणी मागायला यायची काय गरज?

"आज उशीर झाला," लक्ष्मीबाई सासूला म्हणाल्या. "सून झोपायची वाट बघत व्हते. टाकीच्या नळाला कुलूप घातलंय तिनं. मला म्हणती, देवाला रोज न्हाऊ घालायची काय गरज हाय, पुसून घ्या."

"घ्या बाई, भरून घ्या," सासूनं फडकं सोडलं.

"इहिरीचंच हाय ना गं दगडाबाई? देवाला घालती म्या."

"माझ्या भावाच्या इहिरीचं. सिल्लोडकडनं टेंपोत येतं."

माझ्या सासूला भाऊ होता. पण त्याची विहीर दिवाळीलाच आटली होती आणि तो स्वतः टँकरच्या रांगेत उभा राहत होता. लक्ष्मीबाई कळशी पदराखाली घेऊन गेल्या आणि मी बाहेर आले. मला खरंच किळस आली होती. पाण्याची नाही, सासूची.

"आत्याबाई, त्या म्हातारीच्या देवाला तुम्ही लोकांचं उष्टं पाणी घालता?"

ती दचकली. मग नेहमीसारखं तोंड करून फडकं बांधायला लागली. "तुला काय ठावं हाय? गप ऱ्हा."

"काय घेता तिच्याकडून?"

"काय नाय."

"फुकट देता?"

"व्हय."

याचा मला पैशापेक्षा जास्त संशय आला. माणूस काही न घेता खोटं बोलतो तेव्हा नक्की काय चाललंय हे कळत नाही. मी रामेश्वरला सांगणार होते, पण तो आईच्या बाबतीत बहिरा आहे. म्हणून मी गप्प बसले आणि सासूशी बोलणं कमी केलं. घरात आम्ही दोघी, आणि दोघी एकमेकींवर डोळा ठेवून.

आमच्यावर आणखी कुणाचा डोळा आहे, हे आम्हाला कळलं नाही. साहेबरावांच्या गच्चीवरून आमची दोरी दिसायची. त्यांनी म्हणे सलग काही दिवस बघितलं. आठवड्याला एक टँकर येतोय, लोक भांडी राखेनं घासतायत, आणि या शेळ्या राखणाऱ्या बाया प्लास्टिकच्या पिशव्या धुऊन वाळत घालतायत. पाणी येतं कुठून? नेमकं त्याच आठवड्यात कॉलनीच्या टँकरमधलं पाणी कमी भरलं. कॉलनीत दुसऱ्या कुणावर शंका घ्यायची तर शेजारी दुखावला असता. आमच्यावर घ्यायला काही अडचण नव्हती.

एका लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मांडव झाडत होतो तेव्हा साहेबराव दहा-बारा माणसं घेऊन कार्यालयाच्या आवारात आले. मागून बायकाही आल्या, त्यांच्यात लक्ष्मीबाई. तात्यासाहेबांनी खुर्च्या मागवल्या, पण कुणी बसलं नाही.

"तात्यासाहेब, तुमच्या भरवशावर या बायका इथं वावरतात," साहेबराव म्हणाले. "यांच्या दारात पाण्यानं भरलेले ड्रम आहेत. टँकरचा पाइप कुठंतरी फोडलाय, नाहीतर तुमच्या टाकीतून घेतायत. मी माझ्या डोळ्यांनी यांना प्लास्टिक धुताना बघितलंय."

तात्यासाहेब सासूकडे बघायला लागले. त्यांच्या मनात वेगळंच होतं. गेले दोन महिने कोठीत परत येणाऱ्या कोऱ्या बाटल्या कमी होत चालल्या होत्या आणि त्यावरून त्यांनी पुंडलिकला चारचौघांत बोलून घेतलं होतं. पुंडलिक तिथंच दाराला टेकून उभा होता, पडलेल्या तोंडानं.

"दगडाबाई, पाणी कुठलं?" तात्यासाहेबांनी विचारलं.

सासूनं एकदा लक्ष्मीबाईंकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मला वाटलं, ही मूर्खासारखी गप्प बसणार आणि आपल्याला चोर ठरवून घेणार. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तिच्या आणि त्या म्हातारीच्या काय भानगडी आहेत त्यांचं त्या बघोत. चोर म्हणून घ्यायची माझी तयारी नव्हती.

"मी दाखवते पाणी कुठलं," मी म्हटलं.

आदल्या दिवशीच्या बाटल्यांची पोती भिंतीला लावलेली होती, अजून ओतायची होती. मी एक पोतं तिथंच फरशीवर उलटं केलं. एक बादली ओढली आणि एकेक बाटली उघडून ओतायला लागले. अर्धी, पाऊण, दोन घोट घेतलेली. नुसता पाण्याचा आवाज येत होता. पोतं निम्मं व्हायच्या आत बादली काठोकाठ भरली. मी दुसरी घेतली.

"हे कालचं," मी साहेबरावांना म्हणाले. "काल तुमच्याच पुतण्याचं लग्न होतं ना? तुम्ही सोफ्यावर बसला होता. तुमच्या पायाशी तीन होत्या, तिन्ही अर्ध्या. त्या याच ढिगात असतील, शोधा."

साहेबरावांनी ढिगाकडे पाहिलं आणि नजर वळवली. मागं कुणीतरी खोकलं. एक बाई हळूच म्हणाली, "अगं बया, एवढं पाणी." मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

ते फार टिकलं नाही. बायकांच्या घोळक्यातून लक्ष्मीबाई पुढं आल्या. त्यांनी बादलीत वाकून पाहिलं. वर एक बूच तरंगत होतं, आतून लाल लिपस्टिक लागलेलं.

"दगडाबाई," त्या म्हणाल्या, "मग म्या नेत व्हते ते?"

"तू काय नेत होतीस?" साहेबराव आईकडे वळले.

त्या सासूकडेच बघत होत्या. त्यांचा चेहरा असा झाला होता की माझ्या हातातली बाटली तशीच राहिली. "म्या देवाला घातलं ते," त्या म्हणाल्या. "बाळकृष्णाला घातलं. सांग ना गं. उष्टं व्हतं?"

आता माझ्या ध्यानात आलं. टँकरच्या चोरीतून आम्ही सुटलो होतो. सासूनं नुसतं 'व्हय' म्हटलं असतं तरी आमच्यावर काही येत नव्हतं. उष्टं पाणी देणं हा काही गुन्हा नाही. म्हातारी रडली असती, सोवळंओवळं करत बसली असती, आमचं काम चालू राहिलं असतं. मी सासूकडे बघून मनातल्या मनात म्हणत होते, म्हण व्हय, म्हण आणि मोकळी हो.

"नाय बाई," सासू म्हणाली. "तुम्हाला उष्टं दिलं नाय कधी."

"मग इहिरीचं?"

"इहिरीचंबी नाय. ते म्या खोटं बोलले." तिनं पदरानं तोंड पुसलं. "सील न फुटलेल्या बाटल्या असत्यात खुर्च्याखाली. त्या कोठीत द्यायच्या असत्यात, म्या दिल्या नाय. घरी नेऊन फोडायची आन तुमच्या ड्रमात वतायची. बूच कट्‌कन वाजलं तरच वतायची. नाय वाजलं तर शेळ्यांच्या ड्रमात. म्हणून फडकं बांधलं व्हतं, चुकून त्यात दुसरं जाऊ नाय म्हणून."

पुंडलिक दारापासून सरळ झाला.

"म्हणजे कोठीत कमी पडत होत्या त्या," तात्यासाहेब म्हणाले.

"व्हय. म्या चोरल्या. पुंडलिकचा काय गुन्हा नाय." मग पुंडलिककडे वळून ती म्हणाली, "तुला बोल बसला लेका, तवाच सांगायला पायजे व्हतं."

मी इतके दिवस तिच्यावर संशय घेत होते, आणि तो खराही निघाला. ती चोरी करत होती. फक्त मी धरलेली चोरी वेगळी होती. लक्ष्मीबाई वळल्या आणि घराकडे चालायला लागल्या. त्यांचा विश्वास बसला की नाही, ते त्यांच्या पाठीवरून कळत नव्हतं. तात्यासाहेबांना सगळ्यांदेखत काहीतरी करणं भाग होतं. त्यांनी केलं.

"उद्यापासून मांडवात यायचं नाही," ते म्हणाले.

घरी आल्यावर मी सासूवर तुटून पडले. "गप्प बसायचं होतंत. नाहीतर व्हय म्हणायचं होतं. उष्ट्यानं कुणी मरत नाही."

"ती मेली असती," सासू म्हणाली. "तुला नाय कळायचं. मरस्तोवर तिला वाटलं असतं, म्या देवाला बाटवलं. मला चोर म्हणत्याल, म्हणू द्या. चोरी केलीच हाय."

"कोऱ्या बाटल्याच द्यायच्या होत्या मग तिला. ओतून कशाला दिलं?"

"कॉलनीतली बाई पदराखाली मांडवाची बाटली घेऊन गेली असती, तिच्या सुनंनं तवाच इचारलं असतं."

"आणि शेळ्यांचं काय?"

ती उठून शेळ्यांकडे गेली. निळ्या ड्रमांत हातभर पाणी होतं. ते संपेपर्यंत तिनं एकेका शेळीच्या तोंडाशी पाण्याचं बोगणं धरलं, नेहमी सगळ्यांपुढं एकदम ठेवायची तसं नाही. मग रामेश्वरला म्हणाली, "सिल्लोडच्या बाजाराला टेंपो बघ." त्या उन्हाळ्यात बाजारात सगळेच विकायला उभे होते आणि घेणारा कसाई सोडून कुणी नव्हता, हे तिला माहीत होतं. मी त्या रात्री जेवले नाही. तिच्यावरचा राग गेला नव्हता, पण तो आता कुठं ठेवावा हे मला कळत नव्हतं.

बाजाराच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, लक्ष्मीबाई आल्या. मागच्या बाजूनं नाही, पुढच्या रस्त्यानं. हातात कळशी नव्हती. मी दारातच उभी राहिले. बोलायला आली असेल तर आधी माझ्याशी बोलू दे, असं माझ्या मनात होतं.

"सासू कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

"शेळ्यांजवळ. उद्या चालल्यात त्या."

"कळलं मला. बोलाव तिला." सासू आली, तसं त्या म्हणाल्या, "चप्पल घाल. तात्यासाहेबांकडं जायचं."

"म्या कोणत्या तोंडानं जाऊ?"

"माझ्या. चोरलं तू, वापरलं म्या. चोरी एकटीची कशी झाली?"

सासू हो-नाही करत निघाली आणि मी दोघींच्या मागं. माझा अजूनही विश्वास नव्हता. तिथं जाऊन म्हातारी काय बोलेल, मुलाच्या बाजूनं बोलेल का आमच्या, याचा मला अंदाज येत नव्हता. कार्यालयाच्या मागून गेलो तर वासानं नाकाला पदर लावावा लागला. आम्ही नसताना तिथं दोन लग्नं झाली होती. भात, वरण, पत्रावळी, बाटल्या, सगळं एकत्र ढिगाला लावलेलं. बाटल्यांत पाणी तसंच होतं, उन्हानं तापून आत वाफ धरलेली. कचऱ्याच्या गाडीवाल्यानं तो ढीग उचलायला नकार दिला होता, हे आम्हाला नंतर कळलं.

तात्यासाहेब त्यांच्या खोलीत बसले होते. आम्हाला बघून कपाळाला आठ्या पडल्या, पण साहेबरावांच्या आईला बसा म्हणणं भाग होतं. आणि दारात आलेल्याला आधी पाणी, ही त्यांच्या घराण्याची रीत. दुष्काळातही त्यांनी ती मोडली नव्हती. पुंडलिकनं दोन बाटल्या आणून टेबलावर ठेवल्या. जरा आपटूनच ठेवल्या.

सासूनं हात पुढं केला नाही. लक्ष्मीबाईंनी एक बाटली उचलली आणि बूच पिळलं. कट्‌कन आवाज झाला. खोलीत तो सगळ्यांना ऐकू गेला. लक्ष्मीबाई घरातसुद्धा भांडं तोंडाला न लावता वरून पाणी पिणाऱ्या, कॉलनीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी बाटली तोंडाला लावली, अर्धी प्यायल्या आणि सासूपुढं धरली.

"घे."

सासूनं ती घेतली आणि सवयीनं वर धरून तोंड उघडलं.

"वरून नको. तोंड लावून पी."

"बाई, तुम्हाला परत प्यायची आसंल."

"म्हणूनच."

सासू तोंड लावून प्याली. थोडं पाणी हनुवटीवरून गळ्यात गेलं. तळाशी राहिलं तेवढ्यात लक्ष्मीबाईंनी बाटली तिच्या हातातून काढून घेतली आणि उरलेलं स्वतः प्यायल्या, मान मागं टाकून, शेवटपर्यंत. मग तोंड पुसून तात्यासाहेबांना म्हणाल्या, "हिचा शबूद मला पटलाय. माझ्या देवाला उष्टं लागलेलं नाय. तुमच्या बाटल्या माझ्यापायी गेल्या, बोलायचं तर मला बोला. मला आता हिच्याकडनं पाणी नको, सुनंशी भांडून घेईन. पण हिच्या शेळ्या बाजारात जाऊ देऊ नका."

दुसरी बाटली त्यांनी पुंडलिककडे सरकवली. "ही फुटलेली नाय. कोठीत ठेव."

तात्यासाहेबांनी मागं वळून पाहिलं. मागच्या खिडकीतून ढिगाचा वास येतच होता.

"परवा लग्न आहे," ते म्हणाले. "दोघी लवकर या. कोऱ्या बाटल्या पुंडलिक स्वतः उचलील, तुम्ही हात लावायचा नाही."

सासूनं हात जोडले. मी जोडले नाहीत. तात्यासाहेबांना दया आली असं मला आजही वाटत नाही. त्यांना ढीग उचलायला माणसं हवी होती. पुंडलिकनं आमच्याकडे बघितलं नाही आणि त्याचं बरोबरच होतं.

दोघी म्हाताऱ्या पुढं निघाल्या. सासूच्या डोळ्यांना धार लागलेली आणि ती पदर लावतही नव्हती. टेबलावर रिकामी बाटली राहिली होती. तिचं सील तुटलं होतं, तिला दोघींची तोंडं लागली होती, म्हणजे ती आता आमची होती. मी ती उचलली आणि कडुबासारखी कानाशी धरून हलवून बघितली. आत थेंबही नव्हता.